आठ आण्यांचा चेंडू

कासुर्डीच्या माळावर यष्ट्यांच्या जागी उसाची तीन टिपरी रोवलेली आहेत. ज्याची बॅट त्याचा पहिला डाव, हा इथला कायदा. तुमच्याकडे बॅट नाही, त्यामुळे सकाळपासून तुम्ही नुसती बॉलिंग टाकताय. पाचव्या षटकारानंतर चेंडू बाभळीच्या जाळीत जातो. आणायला अर्थात तुम्हीच. काटे चुकवत हात घालता, चेंडू हाती लागतो, पाठ सरळ करता आणि पाहता तर हायवेचा आवाज बंद पडलाय. पुणे-सोलापूर रस्त्यावर दोन बैलगाड्या कुरकुरत चालल्यात. भुलेश्वराचा डोंगर तेवढा जागच्या जागी आहे.

यवतपर्यंत पायपीट करून तुम्ही आगगाडी धरता. पुण्यात उतरून लष्कर भागाकडे वळता. साल 1895 धरा. गोऱ्यांच्या क्लबाचं मैदान अजून ओलसर आहे आणि एक सडपातळ तरुण एकटाच रोलर ओढतोय. रोलर झाला की तो जाळ्या बांधतो, यष्ट्या ठोकतो. हा पळवणकर बाळू. वडील लष्करात नोकरीला, जात चांभार. आधी पारशी खेळाडूंच्या क्लबात महिना तीन रुपयांवर झाडलोट आणि खेळपट्टीची देखभाल, आता इथे चार रुपये. टेनिसचं कोर्ट आखणंही त्यातच आलं.

बाकीचे साहेब यायच्या तासभर आधी एकजण बॅट घेऊन येतो. जे. जी. ग्रेग, लष्करी अधिकारी, अंगाने लहान, पायांनी चपळ. जॉन ग्लेनी या नावाचं ‘जंगली’ करून टाकलंय लोकांनी. इथल्या गोऱ्या फलंदाजांत याच्या तोडीचा दुसरा नाही. बाळूने आपल्याला बाद केलं की तो दर खेपेला आठ आणे देतो, अशी कथा पुढे पुण्यात सांगितली जाईल. ती खरी असेल तर हिशेब सोपा आहे: आठदा बाद केला की महिन्याचा पगार.

तुम्ही जाळीमागे, ग्रेगच्या पाठीशी उभे राहा. चेंडू इथूनच नीट दिसतो.

बाळू चार पावलं येतो. डावा हात वर जातो, चेंडू डोळ्यांच्या रेषेच्या वर चढतो आणि तिथे क्षणभर अडकल्यासारखा वाटतो. ग्रेग पुढे सरसावतो. चेंडू मात्र त्याला वाटला त्याच्या वीतभर अलीकडे पडतो आणि बॅटपासून दूर, ऑफच्या बाजूला वळतो. पुढचा तसाच, ग्रेग मागे राहून खेळतो. त्यापुढचाही तसाच दिसतो. हात तोच, उंची तीच. ग्रेग वळणाऱ्या चेंडूसाठी बॅट बाहेर नेतो आणि हा वळतच नाही, सरळ आत येतो. काठी पडल्याचा आवाज तुमच्या गुडघ्याजवळ होतो.

सगळे याला हाताची करामत म्हणतील. मला विचाराल तर निम्मी करामत पायांची आहे. ज्याने सकाळी रोलर ओढला, त्याला कुठे दव मुरलंय, कुठे माती भुसभुशीत आहे, हे तळव्यांनीच कळतं. साहेबाला ती खेळपट्टी फक्त सपाट दिसते.

याच वर्षांत तिकडे अमेरिकेत बेसबॉलवालेही फसव्या चेंडूचा हाच घोळ निस्तरतायत. त्यांच्या खेळात चेंडूला टप्पा नाही, जे काय फसवायचं ते हवेतच. आणि त्यांचा पिचरही, म्हणजे चेंडू टाकणाराही, मुळात फलंदाजाचा गडीच होता बरं का. 1887 पर्यंत तिथला फलंदाज चक्क सांगायचा, मला वरचा टाक किंवा खालचा टाक, आणि पिचरला तसा टाकावा लागायचा. तो हक्क गेला. 1884 मध्येच मोठ्या लीगने खांद्यावरून चेंडू टाकायची मुभा दिली होती. मग फलंदाजांची धडगत राहीना, म्हणून 1893 मध्ये पिचरला मागे ढकलून 60 फूट 6 इंचांवर उभं केलं. आपल्या बावीस यार्डांचे 66 फूट होतात. म्हणजे त्या देशात गडी शिरजोर झाला तेव्हा नियम बदलावे लागले. इथे नियम बदलायची गरजच नाही. जाळीत ग्रेग शंभरदा बाद झाला तरी बॅट ग्रेगच्याच हातात राहते. बाळूने या मैदानावर शेकडो तास गोलंदाजी केली. बॅटिंग त्याला एकदाही मिळाली नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे आणि ते त्याला सांगता येत नाही, ही खरी पंचाईत. गावातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचंय, म्हणून ते वाद घालून घालून शेवटी त्याला संघात घेतील. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळतील. चहाच्या वेळी मात्र तो तंबूबाहेर आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यात. मग पुण्यात प्लेग, म्हणून तो मुंबईला. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघ युरोपियनांना 109 धावांनी हरवील, त्यात बाळूचे आठ बळी. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात एकट्याचे 114. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याच्याकडे येणार नाही. ते 1923 मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळेल.

ऊन चढतं. ग्रेग हातमोजे काढतो, बॅट यष्टीला टेकवून पाणी प्यायला जातो. मैदानात दुसरं कोणी नाही. बॅट आहे, खेळपट्टी आहे, तुमच्या खिशात टेनिसचा चेंडू आहे. तुम्ही तोंड उघडणार तोच बाळू बॅटीला वळसा घालून चुन्याची बादली उचलतो. टेनिसचं कोर्ट आखायचं राहिलंय.

“घावला का न्हाय रं?”

बाभळीचा काटा मनगटात रुतलाय. हायवेवरून ट्रकची रांग चाललीय. माळावर बॅटवाला पाय आपटतोय. तुम्ही येता, चार पावलं टाकता, या खेपेला जोर न लावता चेंडूला उंची देता. तो वर चढतो, क्षणभर अडकल्यासारखा वाटतो.

बॅटवाला पुढे सरसावतो आणि चेंडू थेट उसात भिरकावतो. आणायला तुम्हीच.