कर्नाळ्याचा रफार आणि संगणक

अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ संकेतावलीत १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा यांतच त्या संपल्या. पनवेल, कर्नाळा, शिरढोण ही नावे देवनागरीत लिहायची सोय तीत नव्हती.

एका बाइटमध्ये मात्र २५६ मूल्ये मावतात. वरच्या १२८ जागा भारतीय लिप्यांना देऊन ‘इस्की’ घडवली गेली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि १९९१ मध्ये इस्कीला आयएस १३१९४ हे भारतीय मानक मिळाले. तिचे मोठेपण एका निर्णयात आहे: मजकूर दिसतो तसा नव्हे, तर उच्चारला जातो त्या क्रमाने साठवायचा. वासुदेव बळवंत फडके यांच्या शिरढोण या जन्मगावाच्या नावातली वेलांटी ‘श’च्या आधी दिसते, साठवणीत ती ‘श’नंतर येते. कर्नाळ्याचा रफार ‘ना’च्या डोक्यावर बसतो, पण साठवताना ‘र’ आणि त्याचा हलन्त ‘न’च्या आधीच असतात. शोधणे आणि अकारविल्हे लावणे या क्रमामुळे सोपे झाले.

छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली. डीटीपीसाठी आलेल्या फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा श, काना, रफार. कागदावर मजकूर सुबक उतरे, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल रोमन अक्षरांचा कालवा दिसे. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी असल्याने रूपांतरासाठी तक्तेही निराळे लागत. तात्पुरत्या सोयीपायी कितीतरी मराठी मजकूर असा अडकून पडला, हे मोठेच नुकसान होय.

१९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. पुढच्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युनिकोडची चिन्हे बाइटांत साठवणारे यूटीएफ-८ रचले. त्यात आस्कीची चिन्हे एकाच बाइटची राहिली, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागू लागले. ‘कर्नाळा’ डोळ्यांना तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये ती सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. नावाचा रकाना २० बाइटांवर कापला, की शेवटच्या कान्याचा एक बाइट तुटतो आणि उरलेले दोन निरर्थक होतात.

दुसरी चूक सहज नजरेतून सुटते. ‘फक्त अक्षरे ठेवा’ अशी चाळणी लावणाऱ्या प्रोग्रॅमला काना, मात्रा आणि हलन्त अक्षरे वाटत नाहीत, कारण युनिकोडने त्यांचा वर्ग निराळा ठेवला आहे. चाळणीतून ‘कर्नाळा’ बाहेर पडतो तो ‘करनळ’ होऊन. रोमन लिपीवरच तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये हा दोष कधी उघडा पडत नाही.

दिसायला एकच, साठवणीत दोन, असेही घडते. ‘सातबाऱ्या’तला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधी तो ‘अ’ आणि चंद्र जोडून लिहीत. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही या जोड्या एकरूप होत नाहीत. त्यामुळे मराठीसाठी निराळा नियम लिहून त्या आधी एक कराव्या लागतात, मगच नावांची तुलना करता येते. अंकांचेही तसेच. गट क्रमांक ‘१२३’ असा देवनागरीत आला, तर पायथन त्याची संख्या करून घेते. जावास्क्रिप्टमध्ये तो आधी इंग्रजी अंकचिन्हांत बदलावा लागतो.