परळचे के. ई. एम. रुग्णालय व ‘बाँबे’ रक्तगटाचा शोध



आपल्या काष्टीकडील माणसाचे दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे दौंडवरून गाडी धरून मुंबई गाठावी, आणि मुंबईत परळचे के. ई. एम. रुग्णालय शोधावे, हा प्रघात जुना आहे. परंतु तेथे केवळ उपचारच झाले असे नव्हे, तर जगाच्या वैद्यकशास्त्रात भर घालणारे शोधही लागले, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. त्यांपैकी एका शोधाचा संबंध थेट आपल्या सोयरिकींपर्यंत पोहोचतो; म्हणून त्याचीच हकीकत येथे विस्ताराने देण्याचे योजिले आहे.

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 पासून होते. पण तेथील वरच्या जागा बहुतांशी गोऱ्या सरकारी डॉक्टरांकडे असत. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयास देणगी देताना अट घातली, की येथील अध्यापक हिंदी असावेत. 1925 साली महाविद्यालय निघाले व 1926 साली त्यास जोडून रुग्णालय उघडले. पहिल्या पर्वात अधिष्ठातेपदी डॉ. जीवराज मेहता होते. तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. देणगीदाराची अट आजच्या तरुणास किरकोळ वाटेल. माझ्या मते मात्र पुढील साऱ्या शोधांचे मूळ तिच्यातच आहे; कारण ज्यास हाताखालचा म्हणूनच वागविले जाते, तो स्वतःचा प्रश्न स्वतः विचारण्यास धजत नाही.

याच संस्थेतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण 50 रुग्णांवर पडताळून 1949 साली विलायतेतील नियतकालिकात प्रसिद्ध केला. 16 फेब्रुवारी 1968 रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण सुमारे तीनच तास जगला. 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी येथे परीक्षानळी बालकाचा जन्म झाला. (कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी हेच कार्य 1978 सालीच साधले होते. त्यांस मान्यता मिळाली ती मृत्यूनंतर.)

आता मुख्य विषय. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात विसाव्या शतकाच्या प्रारंभी माणसाच्या रक्ताचे गट पाडले. ए, बी, एबी व ओ हे चार गट सर्वांस परिचित आहेत; आणि ओ गटाचे रक्त कोणासही चालते, असा समज रूढ आहे. परळच्या डॉक्टरांना मात्र असे रुग्ण आढळले, की ज्यांचे रक्त तपासणीत ओ सारखे दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्यांच्या रक्ताशी जुळत नसे. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी हे कोडे उकलावयास घेतले, लंडनमधील तज्ज्ञांचे साह्य मिळविले, आणि 1952 साली ‘लॅन्सेट’ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. गटास ‘बाँबे’ हे नाव पडले. शहराचे नाव 1995 साली बदलले. रक्ताचे बदलले नाही.

त्यातील मर्म असे. घराच्या भिंती जोत्यावर उभ्या राहतात. त्याप्रमाणे ए व बी ही द्रव्ये ‘एच’ नावाच्या मूळ द्रव्यावर उभी राहतात. ओ गटात भिंती नसतात, पण जोते असते. बाँबे गटात जोतेच नसते. म्हणून शरीर ‘एच’ लाही परके मानते, आणि ओ गटाचे रक्त दिल्यास जीव धोक्यात येतो. अशा माणसास केवळ बाँबे गटाचेच रक्त चालते. भारतात हा गट सुमारे 10,000 माणसांत एकास आढळतो. युरोपात 10,00,000 मध्ये एखाद्यास.

हा भेद आनुवंशिक आहे. आईबाप दोघेही आतून हा दोष बाळगीत असतील, तर प्रत्येक अपत्यास तो प्रकट होण्याचा संभव चारात एक असतो. आईबाप स्वतः निरोगी असतात व त्यांच्या तपासणीत काहीही दिसत नाही. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आपल्याकडे आहे. तेथे एकाच आजोबांकडून वा आजीकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण दात, खूर, वशिंड पाहतो आणि खोंड कोणत्या वळूचा हेही विचारतो. सोयरीक ठरविताना मात्र घर, जमीन व पत्रिका एवढ्यावरच आपली चौकशी थांबते.

याहूनही एक नाजूक गोष्ट आहे. बापाचा गट एबी असेल, तर मूल ओ गटाचे होऊ नये, असा शाळेतल्या पुस्तकातील नियम आहे. मूल बाँबे गटाचे असल्यास साध्या तपासणीत ते ओ म्हणूनच नोंदले जाते. मग कुजबुज सुरू होते आणि ती नेहमी बाईच्याच वाट्यास येते. वस्तुतः ते मूल त्याच बापाचे असते. अमेरिकेत फिलिप लेव्हीन यांनी 1955 साली एका कुटुंबात हेच दाखवून दिले: आईच्या रक्तात बी दिसत नव्हता, तरी तिने तो अपत्यास दिला होता.

मुंबईत 1957 साली स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राची पुढे राष्ट्रीय संस्था झाली, ती के. ई. एम. च्या आवारातच आहे. ज्याचे रक्त ओ म्हणून नोंदले आहे, पण ओ रक्ताशी जुळत नाही, त्याने रक्तपेढीत ‘एच’ ची तपासणी मागावी. तसा गट निघाल्यास सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी. कारण जुळणारा दाता बहुधा त्यांच्यातच सापडतो. ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. ते सुमारे पस्तीस दिवस टिकते.