समुपदेशकाचे शिक्षण : रामदासपेठेच्या परिसरातील शंभर वर्षे

समुपदेशकाचे पदव्युत्तर शिक्षण नागपुरात एकाच विद्याशाखेतून उभे राहिले नाही. समाजकार्य, शालेय मार्गदर्शन आणि मानसोपचार अशा तीन वाटांनी ते आले. प्रत्येक वाटेची पदवी वेगळी, परीक्षा वेगळी आणि माणसासमोर बसण्याची रीतही वेगळी राहिली. शहरातील रामदासपेठेच्या आसपास या वाटांच्या खुणा सापडतात. या वस्तीला लागून असलेल्या सीताबर्डीत समाजसेवेचे जुने काम सुरू झाले, बजाजनगरात समाजकार्याचे महाविद्यालय आहे आणि विद्यापीठाचे ग्रंथालय रामदासपेठेतच आहे. शेजारच्या धंतोलीप्रमाणे इथेही गेल्या काही दशकांत दवाखाने आणि रुग्णालये दाटीने उभी राहिली. त्यामुळे उपचारासाठी गावाकडून नागपूर गाठणारे विदर्भातील कितीतरी लोक याच भागात येतात.

मानसिक आजारासाठी नागपुरातील सर्वांत जुनी संस्था म्हणजे 1864 मध्ये सुरू झालेले मनोरुग्णालय. इंग्रजी अमलातील अशा संस्थांचा मुख्य हेतू रुग्णाला समाजापासून दूर ठेवून त्याची राखण करणे हा होता. रुग्णाशी, त्याच्या घरच्यांशी शांतपणे बोलून वाट शोधणे हे काम त्या व्यवस्थेत कुणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते. ते आधी समाजसेवेच्या क्षेत्रात आकाराला आले. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये नागपुरात मातृसेवा संघाची स्थापना केली. बाळंतपणासाठी सुरक्षित जागा नसलेल्या स्त्रियांची सेवा हे संघाचे पहिले काम. अशा कामात शुश्रूषेबरोबर धीर देणे, घरच्यांची समजूत घालणे आणि पुढचा आसरा शोधणे हेही ओघाने येते. ते अनुभवाने आणि मायेने होत असे. त्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण अजून देशातच सुरू व्हायचे होते.

ते 1936 मध्ये मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही भारतातील समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा. पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. दुसऱ्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले आणि वर्तनाच्या तक्रारी असलेली मुले, त्यांचे पालक व शिकाऊ समाजकार्यकर्ते एका ठिकाणी आले. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी 1917 मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथातून एकेका व्यक्तीची परिस्थिती समजून घेण्याची पद्धत मांडली होती. तिच्यातून विकसित झालेले व्यक्ती सहयोग कार्य या शिक्षणाचा कणा बनले.

नागपुरात हे शिक्षण 1958 मध्ये आले. त्या वर्षी मातृसेवा संघाने आपली समाजकार्य संस्था काढली. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी ती संलग्न झाली. सेवेतून निघालेल्या संघटनेनेच सेवेचे शिक्षण हाती घेतले, ही या टप्प्यातील मोलाची गोष्ट आहे. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना साधारण सगळीकडे सारखी असते. आठवड्यातील काही दिवस वर्ग आणि उरलेले फिल्डवर्क. विद्यार्थी रुग्णालयात, शाळेत, बालगृहात किंवा वस्तीत जातो, तिथल्या भेटींचे सविस्तर रेकॉर्डिंग लिहितो आणि ते घेऊन आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकासमोर बसतो. आपण काय विचारले, कुठे घाई केली, समोरच्याचे कोणते म्हणणे कानाआड गेले, याची तपासणी तिथे होते. समुपदेशकाला याहून उपयोगी शिस्त नाही. नागपुरात ती आधी समाजकार्याच्या वर्गांत रुजली. मानसशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग दीर्घकाळ सिद्धांत, प्रयोग आणि चाचण्यांवरच अधिक भर देत राहिले.

दुसरी वाट शाळेतून गेली. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र उघडले, आणि विद्यार्थ्याची क्षमता व व्यवसायाची गरज यांची सांगड घालणे हे एक स्वतंत्र काम ठरले. मुंबई सरकारने 1950 मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची शासकीय यंत्रणा उभारली. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ असावेत अशी शिफारस केली, आणि 1954 मध्ये दिल्लीत केंद्रीय शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन केंद्र निघाले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून महाराष्ट्राचा भाग झाला. त्यानंतर मुंबईच्या यंत्रणेचे धोरण विदर्भातील शाळांनाही लागू झाले. या वाटेने येणारा मार्गदर्शक बहुधा मूळचा शिक्षक असे. त्याचे प्रशिक्षण थोडक्या मुदतीचे आणि भर अभियोग्यता चाचण्यांवर असल्याने मुलाच्या मनातील भीती किंवा घरातील ताण त्याच्या कक्षेबाहेरच राहत.

तिसरी वाट रुग्णालयाची. बंगळूरला 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तीच पुढे निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. तिथे वैद्यकीय मानसशास्त्राचे शिक्षण सुरू झाले आणि त्यातून चिकित्सा मानसशास्त्रातील दोन वर्षांचे एम.फिल. विकसित झाले. प्रत्यक्ष रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली चालणारे हे शिक्षण 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या नियमनाखाली आले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी त्यामुळे शक्य झाली. समुपदेशक मात्र या चौकटीबाहेर राहिला. कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या आपल्या ग्रंथात समुपदेशन आणि मानसोपचार यांचा एकत्र विचार केला होता. भारतातील कायद्याने या दोहोंना दोन वेगळ्या घरांत ठेवले.

शिक्षणाच्या वाटा अशा विखुरलेल्या असतानाच समुपदेशकाची मागणी वाढत गेली. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशक नेमण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात 1989 मध्ये पुणे व मुंबई इथे अशी न्यायालये सुरू झाली, पुढे नागपुरातही. विवाह समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितली गेली. एचआयव्ही चाचणी केंद्रांतील समुपदेशकांच्या भरतीतही या पदवीला मोठे स्थान मिळाले.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी प्रश्न आणखी तीव्र केला. पदव्युत्तर समुपदेशक शहरात आणि संकट खेड्यात, अशी ही स्थिती होती. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. सुमारे दीड वर्षात मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. या कार्यकर्त्यांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, पण नेमके प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि गरज पडल्यास वरिष्ठांकडे पाठवण्याची सोय होती. समाजकार्याच्या वर्गांनी जपलेली शिस्त इथेही उपयोगी पडली. राज्य शासनानेही ‘प्रेरणा’ प्रकल्पाद्वारे 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची सेवा सुरू केली.

दरम्यान दूरशिक्षणाने चौथी वाट उघडली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्र एम.ए.मध्ये समुपदेशन मानसशास्त्र निवडता येऊ लागले. नोकरी करणाऱ्यांना आणि लहान गावातील विद्यार्थ्यांना याचा मोठा आधार झाला. प्रत्यक्ष कामाचा सराव मात्र ज्याला जशी संस्था मिळेल त्यावर अवलंबून राहिला. अमेरिकेत मान्यताप्राप्त समुपदेशन अभ्यासक्रमात 100 तासांचा प्राथमिक सराव आणि 600 तासांची इंटर्नशिप सक्तीची असते. भारतात तासांची अशी एकच मोजपट्टी समुपदेशकासाठी नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा 2021 चा कायदा. वर्तन आरोग्याच्या एकाच गटात त्याने मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्ते यांना आणले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पुनर्वास परिषदेकडेच राहिले. या कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद करण्यास सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत, खाजगी शिकवणी वर्गांतही, पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे मार्गदर्शक निर्देश दिले. शिकवणी वर्गांनी गजबजलेल्या नागपुरासाठी हा निर्देश मोठा आहे.

गरज वाढत असताना दूरशिक्षणाची वाट बंद झाल्याने आता नियमित महाविद्यालयांवर भार येणार आहे. तो पेलायचा तर वर्गांच्या जागांबरोबर फिल्डवर्कची ठिकाणे आणि अनुभवी मार्गदर्शकही वाढवावे लागतील. रुग्णालये, कौटुंबिक न्यायालय, समाजकार्याची महाविद्यालये आणि विद्यापीठ असे सगळे घटक नागपुरात आहेत. त्यांना एका अभ्यासक्रमात जोडणे, आणि देखरेखीखालील सरावाचे तास प्रत्येक विद्यार्थ्याला हमखास मिळवून देणे, हे या शिक्षणाचे पुढचे काम आहे.