ऊब आणि ओल : ब्रिटनमधील जुन्या भिंतींचा इतिहास

ब्रिटनच्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी क्वचितच पडते, पण ओल मात्र महिनोन्महिने हटत नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सखल भागांतील तापमान बहुधा शून्य अंशाच्या थोडे वर रेंगाळते. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत तिच्यात प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर असते. आणि अटलांटिक महासागरावरून येणारे वारे पावसाला आडवे करून पश्चिमेकडच्या भिंतींवर आदळवत असतात. अशा प्रदेशात इंग्लंडमधील सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वी बांधलेली आहेत, आणि त्याच काळातील गिरण्या, गोदामे, दुकाने व कचेऱ्या आजही वापरात आहेत. या इमारतींचे उष्णतारोधन करण्याचा, म्हणजे आतील ऊब बाहेर जाऊ न देणारे थर त्यांना चढवण्याचा, जो खटाटोप गेल्या अर्धशतकात झाला, त्यातील बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ एकच दिसते : उष्णतेचा हिशेब काटेकोरपणे मांडला गेला आणि पाण्याचा मांडायचा राहून गेला.

हे दोन हिशेब एकमेकांत कसे गुंतलेले आहेत हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहणे आवश्यक आहे. उबदार हवा थंड हवेपेक्षा अधिक बाष्प धरते, आणि ती निवत गेली की एका विशिष्ट तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. खोलीतील हवा २० अंश सेल्सिअस आणि तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १२ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडते. चार माणसांचे कुटुंब श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे वाळवणे यांतून दिवसाला सुमारे १० लिटर पाणी बाष्परूपाने घरात सोडते, आणि बाहेरून येणारा पाऊस व जमिनीतून चढणारी ओल यांची भर वेगळीच असते. हे सारे पाणी बाहेर पडण्याची काही ना काही सोय प्रत्येक जुन्या घरात होती. मात्र ती घराच्या रचनेतच मुरलेली असल्यामुळे नंतरच्या काळात ती सहसा कोणाच्या ध्यानात आली नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या लुईस बेटावरील ‘ब्लॅकहाउस’ या घरप्रकारात ही सोय सर्वांत स्पष्टपणे दिसते. त्याच्या भिंती चुना किंवा गारा न वापरता रचलेल्या दगडांच्या दोन पदरांच्या असत आणि त्या पदरांमध्ये माती ठासलेली असे. गवताचे शाकारलेले छप्पर आतल्या पदरावर टेकलेले असल्याने छपराचे पाणी मधल्या मातीत उतरे, आणि ती ओलसर माती वाऱ्याला घरात शिरू देत नसे. घराच्या मधोमध पीट, म्हणजे दलदलीत साचून दबलेल्या वनस्पतींचे इंधन, अहोरात्र धुमसत असे. धुराडे नसल्यामुळे धूर छपरातूनच झिरपून बाहेर जाई, आणि गुरेही त्याच छपराखाली बांधलेली असल्यामुळे त्यांची ऊब माणसांना मिळे. आर्नोल गावातील असे एक घर १९६० च्या दशकापर्यंत वापरात होते आणि आज ते संरक्षित वास्तू म्हणून जतन केलेले आहे. धुराने कोंदलेल्या त्या घरातील राहणीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु वारा अडवणे, ऊब धरणे आणि ओल वाहून नेणे ही तिन्ही कामे तेथे एकाच रचनेने साधली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शहरांतील घरांचा मार्ग निराळा होता. १६६६ च्या लंडनमधील महाआगीनंतर १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने लाकडी बाह्यांगाऐवजी वीट किंवा दगड वापरण्याची सक्ती केली, आणि पुढच्या दोन शतकांत विटांची भरीव भिंत हेच इंग्लंडमधील शहरी घराचे सर्वसाधारण रूप झाले. एकोणिसाव्या शतकातील कामगार वस्त्यांमध्ये ती बहुधा ९ इंच, म्हणजे सुमारे २२५ मिलिमीटर जाडीची असे. विटांच्या दरजांत चुना भरलेला असे आणि आतील गिलावाही चुन्याचाच असे. चुन्याची सूक्ष्म छिद्रे पाणी शोषून घेतात आणि कोरड्या हवेत ते पुन्हा सोडून देतात, त्यामुळे पावसात भिजलेली भिंत वारा सुटला की वाळत असे. प्रत्येक खोलीतील उघड्या शेगडीत कोळसा जळत असताना धुराडे खोलीतील हवा सतत वर खेचून घेई आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून तिची जागा बाहेरची हवा घेई. शेगडीची बरीचशी उष्णता धुराड्यातून वाया जाई, पण तिच्याबरोबर बाष्पही जाई. एडिंबरा आणि ग्लासगो येथील अनेकमजली निवासी इमारतींच्या वालुकाश्माच्या भिंती सुमारे ६०० मिलिमीटर जाडीच्या असत, आणि आतला गिलावा लाकडी पट्ट्यांवर चढवून त्याच्या व दगडाच्या मध्ये हवेची एक अरुंद पोकळी राखलेली असे, त्यामुळे बाहेरचा दगड ओला असला तरी खोलीची बाजू कोरडी राही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओल हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक संस्थांनी केलेल्या उपविधींमुळे भिंतीच्या पायथ्याशी स्लेट किंवा डांबर यांसारख्या अभेद्य पदार्थाचा ओलरोधक थर घालण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. याच शतकात, विशेषतः समुद्रकाठच्या गावांत, दुपदरी भिंत बांधली जाऊ लागली. तीत विटांचे दोन पदर काही अंतर राखून उभारलेले आणि धातूच्या कड्यांनी एकमेकांना बांधलेले असत. पावसाचे पाणी बाहेरच्या पदरातून झिरपले तरी पोकळीतच खाली उतरावे आणि आतल्या पदराला त्याचा स्पर्श होऊ नये, हाच त्या पोकळीचा हेतू होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० आणि १९३० च्या दशकांत, नव्या घरांसाठी ही भिंत सामान्य झाली. ती पोकळी पाण्यासाठी राखलेली होती, उष्णतेसाठी नव्हे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

याच काळात एक उलट प्रवाहही सुरू होता. लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकात त्या सिमेंटच्या सुधारित रूपांनी चुन्याला बाजूला सारले. जुन्या चुन्याच्या भिंतींच्या दरजा सिमेंटने भरणे आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करणे ही मजबुतीची खूण मानली जाऊ लागली. प्रत्यक्षात सिमेंटला बारीक तडे जात, त्यांतून पाऊस आत शिरे, आणि घट्ट सिमेंटमुळे त्या पाण्याला परत वाळून जाण्याची वाट उरत नसे. पुढे जेव्हा या भिंतींवर उष्णतारोधक थर चढले, तेव्हा त्यांपैकी कित्येक भिंती आधीच आतून ओल्या होत्या.

उष्णतारोधक पदार्थ उपलब्ध नव्हते असे नाही. वितळलेल्या धातुमळीवर हवेचा झोत मारून खनिज लोकर तयार करण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न १८४० मध्ये वेल्समध्येच झाला. तिचे व्यापारी उत्पादन मात्र १८७० च्या दशकात जर्मनीत सुरू झाले. १९३० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंची लोकर आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे फलक आले. परंतु ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता, त्यामुळे असे पदार्थ प्रामुख्याने बाष्पक आणि वाफेचे नळ यांच्याभोवती गुंडाळले गेले, आणि राहत्या घराच्या भिंतींना त्यांची गरज आहे असे फारसे कोणाला वाटले नाही.

ही स्थिती बदलली ती धुरामुळे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाटलेल्या विषारी धुक्यात हजारो माणसे दगावली, आणि १९५६ च्या शुद्ध हवा कायद्याने शहरांतील धुराच्या कोळशावर निर्बंध घातले. उघड्या शेगड्यांची जागा वायू व विजेच्या हीटरांनी आणि नंतर मध्यवर्ती तापनव्यवस्थेने, म्हणजे एका बाष्पकातील गरम पाणी नळांनी घरभर फिरवण्याच्या पद्धतीने, घेतली. धुराडी विटांनी बंद झाली आणि खिडक्यांच्या फटी पट्ट्यांनी बुजवल्या गेल्या. हवा शुद्ध करणारा हा कायदा अत्यावश्यकच होता. पण जुन्या घरांतील बाष्प वाहून नेणारी सर्वांत मोठी यंत्रणाही त्याच्यामुळे बंद पडली, आणि कोपऱ्यांत, कपाटांमागे व खिडक्यांच्या चौकटींवर काळी बुरशी दिसू लागली.

भिंतींची उष्णता मोजण्याचे शासकीय परिमाण १९६५ च्या राष्ट्रीय बांधकाम नियमांनी रूढ केले. ते परिमाण म्हणजे ‘यू-मूल्य’ : आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता बाहेर जाते, त्याचा आकडा. तो जितका लहान, तितकी भिंत ऊब धरणारी. १९६५ मध्ये नव्या भिंतींसाठी १.७ ही मर्यादा होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती १९७६ मध्ये १.० वर आली आणि १९९० पर्यंत ०.४५ झाली. जुन्या घरांसाठी १९७८ च्या गृह-उष्णतारोधन कायद्याने माळ्यावर लोकर पसरण्यासाठी अनुदान सुरू केले. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी उपाय ठरला; मात्र लोकरीच्या वरचा माळा आता थंड राहू लागल्याने खालून चढणारे बाष्प छपराच्या लाकडांवर निवू लागले, आणि वळचणीपाशी हवेची वाट मोकळी ठेवली पाहिजे हे हळूहळू ध्यानात आले.

दुपदरी भिंतींची पोकळी भरण्याचे काम याहून जोखमीचे होते. बाहेरच्या पदराला भोके पाडून तीत फेस, लोकर किंवा पॉलिस्टायरीनचे मणी भरले जात. कोरड्या, आडोशाच्या जागी या उपायाने चांगले काम केले आणि लाखो घरांची इंधनबचत झाली. पण वेल्स, वायव्य इंग्लंड आणि पश्चिम स्कॉटलंड यांसारख्या झोडपणाऱ्या पावसाच्या प्रदेशांत जिथे विटांच्या दरजा झिजलेल्या होत्या किंवा पोकळीत बांधकामाचा राडारोडा साचलेला होता, तिथे भरलेल्या पदार्थातून पाणी आतल्या पदरापर्यंत पोचले. पाऊस अडवण्यासाठी राखलेली पोकळी उष्णतेसाठी खर्ची पडली होती, आणि कित्येक घरांतून तो भरणा पुन्हा काढून टाकावा लागला.

भरीव भिंतींपुढे दोनच पर्याय होते : थर आतून लावणे किंवा बाहेरून लावणे. आतून लावल्यास खोलीची ऊब विटांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे विटा पूर्वीपेक्षा थंड आणि ओल्या राहतात, आणि त्यांत रुतवलेल्या तुळयांची टोके कुजण्याचा धोका वाढतो. लाकडी मजल्यांच्या जुन्या गिरण्या आणि गोदामे कचेऱ्या व निवासांसाठी बदलताना हा धोका विशेष असतो, कारण त्यांपैकी बऱ्याच इमारतींचे दर्शनी रूप वारसा म्हणून संरक्षित असल्याने बाहेरून थर लावण्यास मनाई असते. व्यापारी इमारतींवरील दबाव कायद्यानेही वाढवला : इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून ऊर्जा-दर्जाच्या ‘ई’ श्रेणीखालील इमारत नव्याने भाड्याने देण्यास बंदी आली आणि एप्रिल २०२३ पासून ती चालू भाडेकरारांनाही लागू झाली.

बाहेरून लावलेला थर भिंतीला उबदार आणि कोरडी ठेवतो, पण केवळ त्याच्या कडा, खिडक्यांचे उंबरे आणि छपराशी असलेले सांधे निर्दोष असतील तर. प्रेस्टन शहरातील फिशविक भागात २०१३ च्या सुमारास शेकडो घरांना शासकीय योजनेतून असे थर लावले गेले, आणि सदोष कामामुळे त्यांच्यामागे पाणी शिरून घरे ओल व बुरशीने ग्रासली. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. नूतनीकरणात चढवलेल्या ज्वालाग्राही आवरणातून ती आग पसरली होती, आणि ऊब राखण्यासाठी निवडलेले पदार्थ पाण्याप्रमाणेच अग्नीच्या कसोटीलाही उतरले पाहिजेत, हे तिने दाखवून दिले. घरांच्या अशा ऊर्जा-सुधारणांच्या दर्जाविषयी शासनाने नेमलेल्या परीक्षणाचा अहवाल या आगीच्या आधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, आला होता. त्यातून पुढे २०१९ मध्ये ‘पास २०३५’ हे मानक आले, आणि त्याने प्रत्येक घराची आधी पाहणी करणे, ओल व वायुवीजन यांचा विचार करणे आणि संपूर्ण इमारतीचा एकत्रित आराखडा करणे बंधनकारक मानले.

दरम्यान, मूळ हिशेबातच एक चूक असल्याचेही निष्पन्न झाले होते. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेने आणि स्कॉटलंडच्या वारसा संस्थेने जुन्या भिंतींची प्रत्यक्ष मोजणी करविली, तेव्हा त्या कागदावरील गणितापेक्षा कमी उष्णता गमावत असल्याचे दिसले. भरीव विटांच्या भिंतीसाठी शासकीय गणनेत गृहीत धरलेले २.१ हे यू-मूल्य पुढील मोजण्यांच्या आधारे १.७ पर्यंत खाली आणावे लागले. याचा अर्थ असा की, जुनी भिंत समजली जात होती तेवढी निकामी नव्हती, आणि तिला थर लावून होणारी बचतही अपेक्षेहून कमी होती. मात्र हीच भिंत ओली झाली की तिची ऊब धरण्याची शक्ती घटते, त्यामुळे गळके पन्हाळे दुरुस्त करणे आणि सिमेंट काढून दरजांत चुना भरणे हेदेखील उष्णतारोधनाचेच काम ठरते.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष कामांच्या क्रमाविषयीचा आहे. थंड आणि दमट हवामानात जुन्या इमारतीची आधी ओल घालवावी, मग वाऱ्याच्या अनिष्ट फटी बुजवून आवश्यक वायुवीजनाची निश्चित सोय करावी, त्यानंतर माळा झाकावा आणि भिंतींना सर्वांत शेवटी, तेही बाष्प येऊ-जाऊ देणाऱ्या पदार्थांनी, हात लावावा. ब्रिटनमधील अनुदान योजनांनी पुष्कळदा हा क्रम उलटा धरला, कारण थरांचे चौरस मीटर मोजणे सोपे होते आणि टळलेली ओल मोजणे अवघड. आणि पाण्याचा हिशेब टाळून वाचवलेल्या उष्णतेची किंमत पुढे दुरुस्तीच्या रूपाने अनेकपटींनी चुकवावी लागली.