संगमेश्वर तालुका : भूमी आणि माणसे

कोणत्याही मुलखाची माहिती सांगताना प्रथम त्याच्या चतुःसीमा सांगण्याचा प्रघात आहे. त्याप्रमाणे पाहता संगमेश्वर तालुक्याच्या पूर्वेस सह्याद्रीची रांग व तिच्यापलीकडे कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांच्या हद्दी, उत्तरेस चिपळूण, पश्चिमेस गुहागर व रत्नागिरी आणि दक्षिणेस लांजा तालुका आहे. रत्नागिरी जिल्हा म्हटला की परमुलखातील माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो. परंतु या तालुक्यास समुद्रकिनारा नाही. खाडीचे पाणी आत येते तेवढाच काय तो समुद्राशी संबंध.

तालुक्याचे नाव संगमेश्वर असले तरी तालुक्याची कचेरी मात्र देवरुखास आहे. ही व्यवस्था इंग्रजी अमदानीपासूनची आहे. तरीही नवखा मनुष्य दाखल्यासाठी आजही संगमेश्वराच्या बाजारात उतरून कचेरीची चौकशी करतो आणि पुढे सुमारे सतरा किलोमीटर जावयाचे आहे असे ऐकून कपाळावर हात मारतो. संगमेश्वर हे जुने बंदर व पेठ. शास्त्री व सोनवी या नद्यांचा संगम येथे होतो. भरतीच्या पाण्यावर गलबते पूर्वी थेट येथपर्यंत येत. पुढे पात्रात गाळ साचत गेला व गलबते खाली फुणगुसाशीच थांबू लागली. बंदर गेले, तसे पेठेचे महत्त्वही उतरले. जवळच कसब्यास कर्णेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले ते याच परिसरात. हा इतिहास सर्वांस ठाऊक असल्याने त्याचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही.

या तालुक्यातील माणसांचे जीवन समजून घ्यावयाचे तर आधी जमिनीकडे पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे सरळ अंतर साठ-सत्तर किलोमीटरहून अधिक नाही. एवढ्या थोड्या अंतरात डोंगराचे सर्व पाणी खाली धावते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर पऱ्ये दुथडी भरून वाहतात, आणि त्याच पऱ्यांच्या कोरड्या दगडांवरून एप्रिल-मेमध्ये बायका हंडा घेऊन पाणी शोधीत जातात. जांभ्याचे कातळ व सडे पाणी धरून ठेवीत नाहीत. मारळ येथील श्रीमार्लेश्वराच्या गुहेजवळ पावसाळ्यात धबधब्याचा आवाज ऐकणाऱ्या यात्रेकरूस हे खरे वाटणार नाही, पण पाण्याच्या टाकीची वाट पाहणाऱ्या वाड्यांना ते सांगावे लागत नाही.

शेतीयोग्य सपाट जमीन थोडी. नदीकाठचे मळे सोडले तर बाकी सारी वरकस. मळ्यांत भात, आणि चढावर राब भाजून नाचणी व वरी. भात निघाल्यावर ओल राहील तेथे कुळीथ किंवा पावटा. आंबा व काजूच्या बागा आहेत, परंतु त्या सर्वांच्या वाट्याला आलेल्या नाहीत. शिवाय ही जमीन कसणाऱ्याच्या मालकीची फार उशिरा झाली. पिढ्यान् पिढ्या खोताचा वाटा घालून उरेल त्यावर कुळाने पोट भरावयाचे, अशी रीत होती. खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ साली झाला व कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा मालक मानला गेला. तोपर्यंत जमिनीचे तुकडे इतके पडले होते की, एका कुटुंबाचे आठ महिनेही त्यावर निघणे कठीण. उरलेल्या महिन्यांचे काय करावयाचे, याचे उत्तर मुंबई हे होते.

हे उत्तर अलीकडचे नाही. १८८१ साली मुंबई शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या लाखाहून अधिक होती. त्याच सुमाराचे जिल्ह्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. त्यावेळी आजचा सिंधुदुर्गही, सावंतवाडी संस्थान वगळून, रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. १८७२ साली जिल्ह्यात १०,१९,१३६ माणसे मोजली गेली आणि १८८१ साली ९,९७,०९०. म्हणजे पहिल्या दोन खानेसुमारींमध्येच संख्या उतरली. पुढे ती चढली व १९०१ साली ११,६७,९२७ झाली. गिरण्या, गोदी, पलटण, पोलीस, पोस्ट, साहेबाच्या घरची चाकरी, अशा ठिकाणी कोकणी माणूस चिकटला. गावच्या नावाने चाळीत खोली घेतलेली असे. दहा-पंधरा माणसे तीत पाळीपाळीने झोपत, आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गावच्या पोस्टमनच्या पिशवीतून मनिऑर्डरी घरोघर पोचत. पोस्टमन वाडीवर आला की म्हातारी माणसे ओटीवर येऊन बसत.

वाडी हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. देशावर गाव म्हणजे एके ठिकाणी वसलेली घरे. येथे तसे नाही. महसुली दप्तरी एक गाव म्हणून नोंद असते, पण त्याच्या वाड्या डोंगराच्या कुशीत, पऱ्याच्या दोन्ही अंगांस, सड्याच्या पायथ्याशी, अशा विखुरलेल्या असतात. एका वाडीतून दुसरीत जाण्यास पाखाडी चढून-उतरून अर्धा-पाऊण तास लागावा, हे नित्याचे. असे असल्यामुळे प्रत्येक वाडीस रस्ता, वीज, नळ व शाळा पोचविणे किती खर्चाचे होते, याचा विचार केल्याशिवाय इतर तालुक्यांशी तुलना करणे योग्य होणार नाही.

आता खानेसुमारीकडे वळू. २०२१ साली व्हावयाची गणना कोरोनामुळे होऊ शकली नाही, त्यामुळे २०११ चे आकडेच हाताशी धरावे लागतात. त्या वर्षी संगमेश्वर तालुक्यात १,९८,३४३ लोक होते. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत रत्नागिरी ३,१९,४४९ व चिपळूण २,७९,१२२ यांच्या खालोखाल हा तालुका तिसरा येतो. सर्वांत लहान मंडणगड, ६२,१२३. वरील पहिल्या दोन तालुक्यांत मोठी शहरे व उद्योग आहेत आणि जिल्ह्याच्या लोकसंख्येचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्या दोहोंतच सामावलेला आहे.

परंतु खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली १५,४४,०५७ होती. २००१ साली ती १६,९६,७७७ झाली व २०११ साली १६,१५,०६९ वर आली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी. शेजारच्या सिंधुदुर्गातही याच दशकात ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ अशी घट झाली. १९९१ ते २०११ या वीस वर्षांत सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या शेकडा ४२ ने वाढली, तर रत्नागिरीची शेकडा ५ नेही वाढली नाही. साथ नाही, दुष्काळ नाही, युद्ध नाही, तरी माणसे घटली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा आता कोकणात उद्योग येतील व मुले गावातच राहतील अशी आशा सर्वत्र व्यक्त झाली होती. संगमेश्वर रोड व आरवली रोड ही स्थानके झाली, मुंबईची रात्रभराची वाट काही तासांवर आली. परंतु गाडीला दोन्ही दिशा असतात, हे त्यावेळी कोणी फारसे ध्यानात घेतले नाही. पूर्वी एकटा पुरुष मुंबईस जाई व बायकामुले गावी राहत. आता प्रवास सोपा झाला, नालासोपारा, विरार, डोंबिवली, दिवा येथे खोल्या मिळू लागल्या आणि बिऱ्हाडच हलले.

हा फरक आणखी एका आकड्यात दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ साली १,१२२. सबंध राज्यात त्या वर्षी हे प्रमाण ९२९ होते. हे आकडे वाचून कोकणात मुलीच अधिक जन्मतात असा काहींचा समज होतो, तो बरोबर नव्हे. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत येथेही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. स्त्रिया जास्त दिसतात त्या पुरुष निघून गेल्यामुळे. लावणी, बेणणी, कापणी, गुरे, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे व पंचायतीचे हेलपाटे हे सर्व ज्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ पाठीवर वाहिले, त्यांचा उल्लेख गावच्या इतिहासात क्वचितच होतो. मनिऑर्डर आली म्हणून गाव जगले, हे खरेच. परंतु गाव उभे राहिले ते या बायकांच्या जिवावर. आता प्रमाण किंचित उतरले ते पुरुष परत आले म्हणून की सुनाही मुंबईस गेल्या म्हणून, हे प्रत्येक वाडीने आपापल्या बंद दरवाजांकडे पाहून ठरवावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मात्र उलटा प्रवाह लागला होता. अनेक कामगार ट्रंका घेऊन गावी परतले. काहींनी पुन्हा नांगर धरला, काही वाट पाहत राहिले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तसाच प्रसंग २०२० च्या उन्हाळ्यात आला. टाळेबंदीत चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले, आणि त्यांस चौदा-चौदा दिवस शाळांत ठेवण्यात आले. काही गावांनी स्वतःच्याच माणसांस वेशीवर अडविले, तर काही वाड्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ शाळेच्या पायरीशी भाकरी ठेवली. ज्यांच्या वर्गणीवर उत्सव चालतो त्यांस ‘तुम्ही मुंबईकर’ असे ऐकावे लागले, आणि ज्यांनी गाव राखले त्यांस ‘तुम्हांला काय कळते’ असे. दोन्ही बोल लागण्यासारखेच होते.

गावकरी कोणास म्हणावे, हा प्रश्न यातूनच निघतो. खानेसुमारीचे एक उत्तर आहे. इंग्रजी राज्यात १९३१ पर्यंत एका रात्रीत जो जेथे असेल तेथे मोजला जाई. त्यानंतर पद्धत बदलली, तरी नेहमी जेथे वास्तव्य तेथेच नोंद, हे सूत्र राहिले. त्याप्रमाणे चाकरमानी मुंबई-ठाण्याच्या हिशेबात जातो, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही.

सातबाऱ्याचे उत्तर निराळे आहे. तेथे आजोबांचे नाव कमी होऊन मुलगे, मुली, नातवंडे, अशी वारसांची रांग लागलेली असते. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यावर पंचवीस-तीस नावे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. त्यांतील गावात राहणारा बहुधा एक, क्वचित एकही नाही. विकावयाचे तर सर्वांच्या सह्या पाहिजेत, कसावयाचे तर कोणाचा भरवसा नाही. म्हणून मळे पड राहतात, गडगे ढासळतात आणि जेथे नाचणी होत असे तेथे रान माजून डुकरे व वानर वस्तीपर्यंत येतात. राहिलेल्या शेतकऱ्याचे पीक त्यामुळेच जाते. गेलेल्या माणसाचे नुकसान राहिलेल्याच्या शेतात असे दिसते. वारसांनी वेळीच आपसांत वाटप करून घ्यावे, निदान शेजाऱ्यास कसू द्यावे, एवढे तरी मुंबईकर मंडळींना सुचविल्यास ते अनाठायी होणार नाही. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांची पटसंख्या आता दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येते. शाळा बंद पडली की उरलेले तरुण कुटुंबही देवरुखास किंवा मुंबईस बिऱ्हाड करते, आणि मग त्या वाडीत फक्त म्हातारी माणसे उरतात.

तिसरे उत्तर गावकीचे. गावकीच्या वहीत वर्गणी घरटी लागते. घर उघडे की बंद हे तेथे पाहिले जात नाही. बंद घराचेही नाव पुकारले जाते व त्याचा मान त्याला मिळतो. म्हणूनच या बाजूच्या बहुतेक गावांत ग्रामस्थ मंडळ एक व मुंबई मंडळ दुसरे, अशी जोडी असते आणि देवळाच्या जीर्णोद्धारासारखे काम निघाले की दोन्ही वह्या एकत्र ठेवून हिशेब करावा लागतो. जांभ्याचे चिरे कोणी दिले, श्रमदान कोणी केले, रोख रक्कम कोणी पाठविली, याच्या याद्या लागल्या म्हणजे गावाची खरी शिरगणती समोर येते. ती सरकारी आकड्याच्या दुप्पट-तिप्पट भरली तरी नवल वाटू नये.

शिमग्यास हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. कोणाचे तेरसे शिमगे, कोणाचे भद्रेचे. पालखी सहाणेवर आली की वर्षभर कुलूप लावलेल्या घरांची दारे उघडतात, ओट्या सारवल्या जातात, आणि ज्या वाडीत काल पाच चुली पेटत होत्या तेथे पंचवीस पेटतात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, तर होळी पौर्णिमा १९ मार्चला होती. पुढील खानेसुमारीचा क्षण १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला आहे. त्या वर्षी होळी पौर्णिमा २२ मार्चच्या सुमारास येते, म्हणजे मोजणीदार वाड्यांवरून परत गेल्यानंतर तीन आठवड्यांनी.