रस्त्याची बिनअक्षरी लिपी

मुलचेऱ्याचा एखादा तरुण शिकाऊ परवान्याच्या परीक्षेला बसावयाचे ठरवितो, तेव्हा त्याच्या पुढ्यात पहिल्याने चित्रे येतात. लाल कडेचा त्रिकोण, आत वळण; तसाच त्रिकोण, आत गाय. या चित्रांना भाषा नाही, आणि ती नसावी असे ठरवूनच ती काढली गेली.

1909 साली पॅरिसला मोटारींच्या वाहतुकीविषयी राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. सरहद्द ओलांडली की चालकाला पाट्या वाचता येत नसत. म्हणून उंचवटा, वळण, चौफुला आणि लोहमार्गाचे फाटक अशी चारच चिन्हे तेव्हा मान्य झाली. 1931 च्या जिनीव्हा कराराने धोक्याला त्रिकोण आणि हुकमाला वर्तुळ देऊन या लिपीला व्याकरण दिले. आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 चा, दुसरा 1939 चा. या दुसऱ्या कायद्याने परवाना मागणाऱ्याला चिन्हांचा अर्थ ठाऊक असला पाहिजे, असे घातले. अर्थ ठाऊक असणे निराळे आणि अक्षर वाचता येणे निराळे, हे येथे ध्यानात ठेवावे.

मुलचेऱ्याला ही लिपी जितकी उपयोगी, तितकी पुण्यामुंबईलाही नसेल. 1982 च्या 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख चंद्रपुरात होता. येथे घराघरांतून माडिया ऐकू येते, मराठी आणि तेलुगू ऐकू येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती झाल्यापासून बंगालीही. चार भाषांच्या मुलखात वळणाची पाटी एकच पुरते.

पण परीक्षा मात्र हळूहळू अक्षराकडे झुकली. 1989 च्या केंद्रीय नियमांनी शिकाऊ परवान्यापूर्वी प्राथमिक चाचणी आली. चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघातानंतरची कर्तव्ये, जवळ बाळगावयाचे कागद, शिवाय फाटकवाला नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी, असे तिचे विषय. शेकडा 60 उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. (गडचिरोली जिल्ह्याला लोहमार्ग उत्तरेकडे वडशालाच काय तो स्पर्श करतो, आणि देशाच्या रुंदमापी मार्गांवरची बिनपहाऱ्याची फाटके 2019 च्या जानेवारीत संपली. प्रश्न मात्र आमच्या मुलांनी पाठ केलाच!)

खरा अडसर आला तो 2007 साली. मालमोटार किंवा भाड्याची जीप यांसारखे धंद्याचे वाहन हाकावयाचे तर आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक झाले. स्वतःची फटफटी चालविण्यास अशी अट नव्हती. ज्यावर पोट चालावयाचे त्यालाच ती होती. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, पण स्टिअरिंगवर पक्का हात असलेल्या मुलाने काय करावे? त्याने क्लीनर म्हणून राहावे, किंवा चोरून गाडी हाकावी. रस्ता सुरक्षित व्हावा म्हणून घातलेली अट कित्येकांना परवान्याच्या, म्हणजेच परीक्षेच्या, बाहेर ठेवीत होती. माझ्या मते ती चूक होती.

ही अट 2019 साली उठली. तिला निमित्त झाले ते हरियाणातील मेवातचे. तेथील पुष्कळांचे पोट गाडी हाकण्यावर आणि शाळा बेताची, म्हणून त्या राज्याने केंद्राकडे सवलत मागितली. केंद्राने ती देशभर दिली, आणि मेवातबरोबर मुलचेऱ्याचीही सोय झाली. 2021 च्या जूनपासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या संगणकावर देता येऊ लागली. गडचिरोलीच्या कचेरीची एक खेप वाचली. ती चाचणी देताना प्रश्न मात्र वाचावाच लागतो.