दुसऱ्यासाठीं धांवणारे

मनुष्य धांवतो तो बहुधा स्वतःसाठीं. मागें कुत्रा लागला, पुढें आगगाडी सुटूं लागली, किंवा समोर कोणीं बक्षिसाचा पेला ठेवला, म्हणजे त्याच्या पायांत आपोआप बळ येतें. परंतु ज्याला बक्षिसाची तिळमात्र आशा नाहीं, शाळा सुटल्यापासून ज्यानें कधीं मैदानाचें तोंड पाहिलेलें नाहीं, अशा चाळिशींतल्या गृहस्थानें चार-पांच महिने पहाटे उठून तालीम करावी, आणि शेवटीं ४२ किलोमीटर धांवून जावें, तेंही कोणा अनोळखी रोग्याच्या औषधासाठीं, हा प्रकार जगाच्या इतिहासांत अगदीं अलीकडचा आहे. तो रूढ झाल्याला अजून अर्धें शतकही पुरें झालेलें नाहीं.

मॅराथॉन या नांवाच्या शर्यतीचा जन्म १८९६ सालचा. त्या वर्षीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले आणि पाणी वाहून पोट भरणारा स्पिरिडॉन लुइस हा ग्रीक तरुण या शर्यतींत पहिला आला. १९०८ सालीं लंडनची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली, म्हणून पल्ला २६ मैल ३८५ यार्ड झाला. तोच पुढें १९२१ सालीं कायमचा ठरला. राजवाड्याच्या सोयीनें ठरलेलें हें अंतर आज जगभरचे लोक शास्त्राज्ञेप्रमाणें पाळतात, ही एक गंमतच म्हणावयाची. पुढील कित्येक वर्षें ही शर्यत मूठभर काटक लोकांचीच राहिली. न्यूयॉर्क शहरांत १९७० सालीं फ्रेड लेबो नांवाच्या, तयार कपड्यांच्या धंद्यांतील गृहस्थानें सहकाऱ्यांसह पहिली मॅराथॉन भरविली, तेव्हां प्रवेशाची फी एक डॉलर होती. १२७ जण धांवावयास उतरले आणि ५५ जणांनीं शर्यत पुरी केली. साऱ्या फेऱ्या सेंट्रल पार्क या बागेच्या आंतच.

सामान्य संसारी माणसाला या रस्त्यावर आणलें तें संथ धांवण्याच्या शिकवणीनें. ओरेगॉन विद्यापीठाचे व्यायामशिक्षक बिल बॉवरमन १९६२ सालीं न्यूझीलंडला गेले होते. तेथें आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेनें उतारवयाचीं माणसें घोळक्यानें, गप्पा मारीत धांवत असत. बॉवरमन मोठ्या ऐटीनें त्यांच्याबरोबर निघाले आणि थोड्याच वेळांत धापा टाकूं लागले; सत्तरी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्यानें त्यांची सोबत करण्यासाठीं आपला वेग आवरला, असें सांगतात. बॉवरमन मायदेशीं परतले ते या संथ धांवण्याचे प्रचारक बनूनच. पुढील पंधरा वर्षांत अमेरिकेंतील रस्ते धांवणाऱ्या कारकुनांनीं आणि गृहिणींनीं भरून गेले.

पाय तयार झाले होते. त्यांना हेतु दिला एका लंगड्या मुलानें. कॅनडांतील टेरी फॉक्स याच्या उजव्या पायाच्या हाडास कर्करोग झाला आणि १९७७ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, तो पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या शिक्षकानें त्याच्या हातीं एक मासिक दिलें. त्यांत डिक ट्रॉम नांवाच्या, एकच पाय असलेल्या गृहस्थानें १९७६ ची न्यूयॉर्क मॅराथॉन कशी पुरी केली, याची हकीकत होती. पुढें रुग्णालयांत आजूबाजूचीं रोगी मुलें पाहून त्याच्या मनानें निश्चय केला. कृत्रिम पायावर त्यानें चौदा महिने तालीम केली आणि १२ एप्रिल १९८० रोजीं न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें अटलांटिक महासागराच्या पाण्यांत तो कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. रोज एक मॅराथॉन, म्हणजे सुमारें ४२ किलोमीटर. पहिल्या दिवसांत त्याच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. टोरोंटो शहरीं पोहोंचेपर्यंत मात्र रस्त्याच्या दुतर्फा माणसें दाटूं लागलीं. १ सप्टेंबर रोजीं थंडर बे या गांवाजवळ खोकला आणि छातींतील कळ यांमुळें त्याला थांबावें लागलें. रोग फुफ्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. प्रत्येक कॅनेडियनामागें एक डॉलर मिळावा ही त्याची मागणी. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाखांहून अधिक डॉलर जमले आणि देशाची लोकसंख्याही तेवढीच होती. त्याच वर्षीं २८ जून रोजीं, तेविसावें वर्ष पुरें होण्यास एक महिना उरला असतां, तो वारला. सप्टेंबरांत त्याच्या नांवें जी धांव झाली तींत तीन लाख लोक आले. तेथें शर्यत नव्हती, क्रमांक नव्हते. हा त्याचाच आग्रह होता.

फॉक्सची धांव ही एकट्याची तपश्चर्या होती. तिचें रूपांतर मंडळींत, म्हणजे ज्याला कोणीही नांव नोंदवून सामील व्हावें अशा पथकांत झालें, तें १९८८ सालीं. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या ब्रूस क्लेलंड यांच्या मुलीला दोन वर्षांची असतांना, १९८६ सालीं, रक्ताचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. चाळीस वर्षांपूर्वीं हें निदान म्हणजे मृत्युपत्रच होतें. १९४७-४८ सालीं बोस्टन येथें डॉ. सिडनी फार्बर यांनीं अमिनोप्टेरिन या औषधाचे प्रयोग केले, तेव्हां १६ मुलांपैकीं १० मुलांना कांहीं काळ उतार पडला. कायमचा गुण कोणालाच आला नाहीं. त्या औषधाच्या कुळाशीं येल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्रांत जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचा निकट संबंध होता, ही गोष्ट आपल्याकडे जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ती नाहीं. १९८६ पर्यंत मुलें वांचूं लागलीं होतीं, परंतु कोणतें वांचेल हें कोणी सांगूं शकत नव्हतें. क्लेलंड यांची मुलगी वांचली. कृतज्ञ पित्यानें मित्र आणि शेजारी गोळा केले आणि ल्यूकेमिया सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या स्थानिक शाखेसाठीं ३८ जणांचें पथक न्यूयॉर्क मॅराथॉनला उतरविलें. त्यांनीं ३,२२,००० डॉलर आणले. ही संस्था स्वतः एका मृत मुलाच्या आईबापांनीं १९४९ सालीं स्थापिलेली होती.

संस्थेला दिसलें तें असें, कीं नुसती झोळी घेऊन दारीं गेल्यास लोक दार लावून घेतात. परंतु "मी धांवणार आहें, तुम्ही माझ्यामागें वर्गणी घाला" असें म्हटल्यास तेच लोक उत्सुकतेनें विचारपूस करितात. म्हणून तिनें 'टीम इन ट्रेनिंग' या नांवानें ही पद्धत देशभर चालू केली. नवख्यानें नांव नोंदवावयाचें, ठराविक रक्कम जमविण्याचें वचन द्यावयाचें, आणि बदल्यांत त्याला शिक्षक, सोबती व वेळापत्रक मिळावयाचें. आठवड्यांतून एकदां सर्वांनीं मिळून लांब पल्ला धांवावयाचा; तो हळूहळू वाढवीत सुमारें ३२ किलोमीटरपर्यंत न्यावयाचा, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे पुन्हा कमी करावयाचा. यांत शास्त्र आहे. स्नायूंत व यकृतांत सांठलेली साखर सुमारें ३० किलोमीटरपर्यंतच पुरते. ती सरली म्हणजे पाय शिशाचे होतात आणि धांवणाऱ्यापुढें जणू भिंत उभी राहते. नेटानें केलेली तालीम शरीराला ही साखर जपून वापरण्यास आणि चरबी जाळण्यास शिकविते. परंतु पहाटे अंथरुणांतून उठविणारें बळ शास्त्रांत नाहीं. तें संगतींत आहे. पंढरीच्या दिंडींत एकटा कधीं कोसभर न चालणारा मनुष्यही अडीचशें किलोमीटर चालून जातो, तें याच न्यायानें. शिवाय या पथकांना एखादा रोगी किंवा रोगांतून उठलेलें मूल सोबती म्हणून जोडून देत, आणि पावसाळी सकाळीं घरीं राहण्याचा विचार आला कीं त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढें उभा राही.

या पद्धतीवर टीका झाली नाहीं असें नाहीं, आणि तींतली कांहीं रास्त होती. देणगीच्या पैशांतून धांवणाऱ्याचा प्रवास आणि मुक्काम चालतो, मग तें दान कीं सहल, असा प्रश्न विचारला गेला. ज्याच्याजवळ पाय आहेत परंतु धनवान ओळखी नाहींत, त्याला रक्कम जमविण्याची अट जाचते, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. टेरी फॉक्सच्या धांवेंत अशी अट नव्हती. उलट पारड्यांत औषधें आहेत. ब्रायन ड्रुकर यांच्या ज्या संशोधनांतून ग्लीव्हेक हें औषध निघालें आणि २००१ सालीं मान्य झालें, त्याला याच संस्थेनें पैसा पुरविला होता. एका प्रकारच्या रक्तकर्करोगाचें रूप त्या गोळीनें पार पालटलें. लंडनची मॅराथॉन १९८१ सालीं सुरू झाली. २०१९ पर्यंत तिच्या धांवणाऱ्यांनीं १ अब्ज पौंडांहून अधिक निधि धर्मकार्यास मिळवून दिला. असा हिशेब मांडल्यावर कांहींच्या सहलींचा खर्च फारसा डोळ्यांत भरत नाहीं.

महाराष्ट्रानें या गोष्टीची दुसरी बाजू आधीं पाहिली आहे. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणाऱ्या शेतकऱ्यांचा वेग पाहून दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांच्या पुढाकारानें व आश्रयानें १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅराथॉनमध्यें १९ वे आले. त्या वेळीं धांवणारा दुसऱ्याच्या दानावर धांवला. २००४ सालीं सुरू झालेल्या मुंबई मॅराथॉनमध्यें हजारों लोक दुसऱ्यास दान मिळावें म्हणून धांवूं लागले.

क्लेलंड यांचें पथक १९८८ सालीं ज्या शर्यतींत उतरलें, तींत स्त्रियांमध्यें नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ नवव्यांदा पहिली आली. शर्यतीचे चालक फ्रेड लेबो यांच्या मेंदूंत १९९० सालीं कर्करोग आढळला. पांचही विभागांतून जाणारी आपली ही शर्यत ते स्वतः कधींच धांवले नव्हते. १९९२ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, ते धांवले. शेजारीं सबंध वाट वाइट्झ होती, आणि जिला हें अंतर अडीच तासांच्या आंत संपविण्याची संवय, ती त्यांच्याबरोबर साडेपांच तास रेंगाळत चालली. लेबो १९९४ सालीं वारले. २००५ सालीं वाइट्झ हिलाही कर्करोग जडला. तिनें २००७ सालीं नॉर्वेंत रोग्यांच्या व्यायामासाठीं 'आक्तिव मोत क्रेफ्त' ही संस्था काढली, आणि १९ एप्रिल २०११ रोजीं ती निवर्तली. संस्था चालू आहे.